अठराशे एकतीस फूट

पळसदरीजवळ, जेथे बोरघाटाच्या चढणीस प्रारंभ होतो तेथे, लोहमार्ग समुद्रसपाटीपासून अवघ्या १९६ फुटांवर असतो आणि लोणावळ्यास पोहोचेपर्यंत तो २,०२७ फुटांवर गेलेला असतो. सबब हा घाट चढणाऱ्या प्रत्येक गाडीस, मग तीत मुंबईचे नोकरदार बसलेले असोत, पंढरीस निघालेली दिंडी असो की सिमेंटची पोती भरलेली असोत, पुरते १,८३१ फूट, म्हणजे आजच्या मापाने ५५८ मीटर, वर उचलावेच लागते. हा आकडा कोणाही अभियंत्यास कमी करता आलेला नाही. मार्ग लांबवता आला, डोंगर पोखरता आला, वाफ जाऊन वीज आली; पण कोकण आणि देश यांच्यामधील उंचीचे देणे १८६३ साली जेवढे होते तेवढेच आज आहे. शाळेच्या पुस्तकांत बल, कार्य, ऊर्जा आणि शक्ती ही निरनिराळ्या पानांवर आपापली सूत्रे घेऊन येतात आणि परीक्षा आटोपली की बहुधा तशीच निघून जातात. बोरघाटात मात्र ती चारही एकाच रुळावर एकत्र आलेली असल्यामुळे, आणि तेथे त्यांच्याकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम तत्काळ भोगावा लागत असल्यामुळे, त्यांची ओळख करून घेण्यास ही जागा अधिक बरी.

या देण्याचा दर निसर्गाने कायमचा ठरवून टाकलेला आहे. एक किलोग्रॅम वस्तुमान एक मीटर उंच उचलावयाचे तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ९.८ जूल कार्य करावे लागते, आणि वस्तुमान व उंची यांनी या संख्येस गुणले की देय रक्कम निघते. साठ किलो वजनाचा माणूस पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंत चढून गेला तर ६० गुणिले ९.८ गुणिले ५५८, म्हणजे सुमारे ३ लाख २८ हजार जूल एवढे कार्य त्याच्या पायांनी केलेले असते. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा अशा कार्यात उतरवू शकतात, बाकीची ऊर्जा अंगाची उष्णता होऊन घामावाटे निघून जाते. म्हणून केवळ या चढणीसाठी त्या माणसाने नव्वद ते शंभर ग्रॅम ज्वारीचे पीठ भाकरीच्या रूपाने पोटात घातलेले असले पाहिजे. आता हा गृहस्थ कारवीच्या झुडपांना धरीत सरळ पायवाटेने चढला काय, किंवा १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुल्या झालेल्या गाडीरस्त्याने वळणे घेत घेत सावकाश गेला काय, गुरुत्वाकर्षणाच्या खाती जमा होणारी रक्कम तीच. वाट लांबल्यामुळे पायांची झीज आणि वेळेचा खर्च वाढेल, पण तो हिशेब निराळा.

तसे असेल तर रस्ता बांधण्याचा एवढा खटाटोप कशासाठी, अशी शंका येणे रास्त आहे. तिचे उत्तर असे की देणे तेच असले तरी ते एकरकमी भरावयाचे की बारीक बारीक हप्त्यांनी, हे ठरवण्याची मुभा निसर्गाने आपल्याला दिली आहे. कार्य म्हणजे बल आणि त्या बलाच्या दिशेने कापलेले अंतर यांचा गुणाकार; गुणाकार कायम राहणार असेल तर अंतर दुप्पट केल्याने बल निम्मे होते. पाठीवर ओझे घेतलेला बैल उभी चढण कशीबशी चढून जातो, पण गाडीस जुंपलेल्या बैलजोडीने किती ओढावे यास सीमा आहे, आणि त्या सीमेच्या आत राहावयाचे तर वाट लांबवण्यावाचून गत्यंतर नसते. माल्कमसाहेबांच्या रस्त्यापूर्वी या घाटाने माल वर जाई तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून, चाकांवरून नव्हे, याचे कारण हेच.

उतरणीचा हा नियम प्रथम निर्विवादपणे सिद्ध करण्याचा मान सिमॉन स्टेव्हिन या फ्लेमिश अभियंत्याकडे जातो, आणि १५८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातील ही सिद्धता इतकी देखणी आहे की तिच्यासाठी थोडे थांबणे योग्य होईल. एक त्रिकोणी ठोकळा घ्यावा, त्याच्या दोन उतरत्या बाजूंपैकी एक दुसरीच्या दुप्पट लांब असावी, आणि सारख्या अंतरावर सारख्या वजनाचे गोळे ओवलेली एक साखळी या ठोकळ्यावरून टाकून तिची दोन्ही टोके खाली जोडून टाकावीत, अशी कल्पना स्टेव्हिन करतो. लांब बाजूवर चार गोळे बसतील, आखूड बाजूवर दोन, उरलेले खाली लोंबत राहतील. ही साखळी आपोआप फिरू लागेल काय? फिरू लागली तर एक गोळा पुढे सरकताच त्याची जागा मागचा घेईल, म्हणजे स्थिती पूर्ववत होईल, आणि साखळी कोणाच्याही श्रमावाचून अनंतकाळ फिरत राहील. हे अशक्य आहे, म्हणून साखळी स्थिरच असली पाहिजे. खाली लोंबणारा भाग दोन्ही बाजूंस सारखाच ओढतो, तेव्हा तो कापून टाकला तरी काही बिघडत नाही. मग उरते काय, तर लांब उतरणीवरील चार गोळ्यांना आखूड उतरणीवरील दोन गोळे तोलून धरतात. एकही प्रयोग न करता, फुकटात काही मिळत नाही एवढ्याच विश्वासावर उभारलेली ही सिद्धता वाचताना, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शब्दांत मांडला जाण्यास त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे लागली, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंते जेम्स जॉन बर्कली यांना बोरघाटात मार्ग आखताना जे कोडे सोडवावे लागले ते स्टेव्हिनच्या ठोकळ्याहून तत्त्वतः वेगळे नव्हते; फरक एवढाच की त्यांच्या ठोकळ्यास दऱ्या होत्या, कडे होते आणि वर्षाचे चार महिने त्यावर मुसळधार पाऊस कोसळत होता. १८६३ साली एप्रिलच्या २१ तारखेस गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते खुला झालेला हा मार्ग १५ मैल आणि मोजणीच्या ६८ साखळ्या इतक्या लांबीचा होता, त्यावर २५ बोगदे होते, आणि चढण सरासरीने ४६ फुटांस एक फूट तर सर्वांत कठीण ठिकाणी ३७ फुटांस एक फूट अशी होती. एवढ्यानेही उंची साधेना, तेव्हा खंडाळ्याच्या अलीकडे गाडी एका बंद टोकाशी नेऊन, इंजिन दुसऱ्या बाजूस लावून, उलट दिशेने पुढची चढण चढावी अशी तजवीज करण्यात आली. डोंगराच्या अंगावर वळण घेण्यास जागाच नव्हती. काम १८५६ साली सुरू झाले. पहिले मक्तेदार फेव्हिएल यांनी मध्येच अंग काढून घेतल्यावर १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल मक्ता घेऊन विलायतेहून आले आणि थोड्याच दिवसांत मरण पावले. मग त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी तो मक्ता पुढे चालवून तडीस नेला. १८६१ च्या सुमारास या घाटात ४२ हजारांवर मजूर खपत होते आणि पटकीच्या साथी त्यांची दाणादाण उडवीत होत्या. चढण ३७ स एक ठेवावी की २० स एक, हा प्रश्न कागदावर त्रैराशिकाचा असतो. कड्यावर दोर बांधून सुरुंगाची भोके पाडणाऱ्यांस तो तसा नव्हता.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटण्याचा संभव आहे. लोखंडी रुळावरील लोखंडी चाकास होणारा रोध अत्यंत अल्प असतो. सपाटीवर, वेग फार नसताना, एक टन वजन रुळावरून पुढे ढकलीत ठेवण्यास अडीच किलो वजनाइतक्या ओढीने भागते, तर खडीच्या सडकेवर बैलगाडीस त्याच एका टनामागे सुमारे तीस किलोंची ओढ लागते. म्हणजे रेल्वेने घर्षणावर मिळवलेला विजय दहा-बारा पटींचा आहे. पण गुरुत्वाकर्षण चाक लोखंडाचे आहे की लाकडाचे, हे पाहत नाही. २० स एक अशा चढणीवर बैलगाडीच्या प्रत्येक टनामागे ५० किलोंची ओढ वाढते, म्हणजे तीसची ऐंशी होते. बैलांना अडीच-तीनपट जोर करावा लागतो. उलट ३७ स एक या सौम्य दिसणाऱ्या चढणीवर आगगाडीच्या प्रत्येक टनामागे २७ किलो वाढतात, आणि अडीचचे साडेएकोणतीस होतात: जवळजवळ बारापट! ज्या वाहनाने सपाटीवरचे जवळपास सर्व श्रम वाचवले, त्यालाच घाट सर्वांत जड जावा, यात विरोधाभास दिसतो. पण घर्षणावर केलेली बचत चढणीच्या देण्यात वळती करून घेण्याची सवलत मुळी नाहीच.

आता इंजिनासह एक हजार टन भरणारी एक गाडी डोळ्यांपुढे ठेवू. ३७ स एक या चढणीवर तिला मागे ओढणारे बल २७ टन वजनाइतके असते, त्यात रुळाचा रोध अडीच टनांचा, एकूण साडेएकोणतीस. गाडी ताशी ४० किलोमीटर अशा एकसारख्या वेगाने चढत असेल तर इंजिनाने पुढे लावलेले बलही बरोबर तेवढेच असते, त्याहून तसूभरही अधिक नाही. पुष्कळ विद्यार्थ्यांची येथे गल्लत होते. गाडी पुढे जात आहे तर पुढचे बल मागच्याहून मोठे असलेच पाहिजे, असे मनाला वाटत राहते, आणि न्यूटनचा १६८७ सालच्या ग्रंथातील पहिला नियम तोंडपाठ असूनही ते वाटणे थांबत नाही. वस्तुतः बले समतोल असताना गती जशी आहे तशी चालू राहते. जास्तीचे बल लागते ते फक्त थांबलेली गाडी हलवून वेग देईपर्यंत. आणि हा वेग देण्याचा खर्च तो किती? आपल्या हजार टनांच्या गाडीस ताशी ४० किलोमीटरचा वेग देण्यास सुमारे १७ युनिट वीज पुरते, तर तिला ५५८ मीटर उचलण्यास ५४७ कोटी जूल, म्हणजे सुमारे १,५२० युनिट लागतात. गतिज ऊर्जा ही स्थितिज ऊर्जेपुढे येथे इतकी किरकोळ ठरते की ताशी ४० च्या वेगावर इंजिन बंद केले तर ती सगळी ऊर्जा गाडीला जेमतेम सहा मीटर उंच नेईल.

पण साडेएकोणतीस टनांचे हे बल लावतो कोण? इंजिनातील यंत्रे, असे उत्तर चटकन दिले जाते आणि ते अपुरे आहे. मोटारी चाके फिरवतात, चाके रुळास मागे रेटतात आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार रूळ चाकांस पुढे रेटतो. गाडी वर जाते ती रुळाच्या या रेट्याने. चाक आणि रूळ यांच्यात घर्षण नसते तर दहा हजार अश्वशक्तीचे इंजिनही जागच्या जागी चाके फिरवीत उभे राहिले असते. ज्या अल्प घर्षणाने सपाटीवर एवढा लाभ करून दिला तेच आता अपुरे पडू लागते. आजची विजेची इंजिने १२३ टनांच्या आसपास असतात. कोरड्या रुळावर त्यांना आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे तीस टनांची ओढ मिळू शकते, पण श्रावणात रूळ निसरडे झाले आणि बोगद्यांतून पाणी गळू लागले म्हणजे हा हिस्सा पाचव्याहूनही खाली जातो आणि हाती वीस-बावीस टनच उरतात. चाकापुढे रुळावर वाळू सोडतात ती याचसाठी. आणि कर्जतला गाडीच्या शेपटीस दोन किंवा तीन बँकर इंजिने लावतात तीही याचसाठी.

कर्जतचा हा विधी पाहण्यासारखा असतो. वड्याच्या टोपल्या खिडक्यांपाशी आल्या आहेत, फलाटावर उतरलेले लोक हात पुसत डब्याकडे परतत आहेत, आणि तेवढ्यात सर्वांत मागच्या डब्यातून पुढे सरकत येणारा एक मऊ धक्का बसतो: बँकर लागला. गाडी सुटते तेव्हा पुढच्या इंजिनाची ओढ आणि मागच्यांचा रेटा असे दोन्ही चालू होतात, आणि मधल्या कुठल्याशा डब्यापाशी अशी जागा असते की जेथील कपलिंगवर ताण जवळजवळ शून्य असतो. तिच्या पुढचे डबे ओढले जातात, मागचे ढकलले जातात. मदतीची इंजिने पुढेच का जोडीत नाहीत, याचे उत्तर याच ठिकाणी आहे. सगळी इंजिने पुढे लावली तर पहिल्या कपलिंगवर उरलेल्या सबंध गाडीचा भार येईल, आणि ते तुटले तर उतारावर मागे धावू लागलेल्या डब्यांस धरून ठेवण्यास कोणीच नसेल. मागे उभा असलेला बँकर ढकलण्याचे काम तर करतोच; शिवाय तो आधारही असतो.

घाट किती वेळात चढावयाचा, यावर कार्य अवलंबून नसते, शक्ती अवलंबून असते. आपली गाडी ताशी ४० ने चढवावयाची तर सुमारे ४,३०० अश्वशक्ती सतत चाकांवर उतरावी लागते, वीसने चढवावयाची तर निम्म्याने भागते. शेवटी भरणा तोच. वाफेच्या इंजिनांना घाट चढता येत नव्हता असे नाही, त्यांना तो घाईने चढता येत नव्हता.

चढणीविषयी इतके बोलल्यावर उताराकडे वळले पाहिजे, कारण घाटात खरे भय उताराचे असते. उंची चढताना भरलेली सगळी रक्कम वर पोहोचल्यावर गाडीच्या नावे शिल्लक असते आणि उतरू लागताच ती व्याजाशिवाय पण पैनपै परत मिळू लागते. घ्यावयाची तयारी असो वा नसो. गॅलिलिओने या परताव्याचा नियम शोधला तो अशाच उतरणीवर. सरळ खाली पडणारी वस्तू त्या काळच्या कोणत्याही घड्याळास सापडण्याइतकी सावकाश पडत नाही, म्हणून त्याने लाकडी फळीत खाच कोरून तीवरून काशाची गुळगुळीत गोळी सोडली, आणि भांड्यातून बारीक धारेने बाहेर पडणारे पाणी तोलून वेळ मोजला. अंतर हे वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, दुप्पट वेळात चौपट, तिप्पट वेळात नऊपट, हा निष्कर्ष त्याने १६३८ साली लायडन येथे छापलेल्या ग्रंथात मांडला.

बोरघाटास लावून पाहू. ३७ स एक असा सलग उतार मिळाला आणि ब्रेक मुळीच लागले नाहीत, तर रुळाचा रोध वजा जाता गाडीचे त्वरण दर सेकंदास ०.२४ मीटर प्रति सेकंद इतके निघते. हा आकडा ऐकण्यास क्षुल्लक आहे. फलाटावरून सुटणारी साधी लोकल याहून झटकन वेग घेते. पण लोकलचा मोटरमन वेग पुरा झाला की हात आवरता घेतो, उतार आवरत नाही. पहिल्या मिनिटाअखेर वेग ताशी ५२ किलोमीटर आणि अंतर ४३२ मीटर. दुसऱ्या मिनिटाअखेर वेग १०४ आणि अंतर १,७२८ मीटर, म्हणजे गॅलिलिओच्या नियमाप्रमाणे बरोबर चौपट. तिसऱ्या मिनिटाअखेर वेग १५५ आणि गाडी जवळजवळ चार किलोमीटर खाली, जर मधल्या वळणावर ती रूळ सोडून दरीत गेली नसेल तर. यात गाडीच्या वजनाचा प्रश्न कोठेच येत नाही. वजनदार गाडीस उतार अधिक जोराने ओढतो हे खरे, पण तिचे जडत्वही त्याच प्रमाणात अधिक असल्यामुळे लांबलचक मालगाडी आणि गँगमनची ट्रॉली यांचे त्वरण जवळपास सारखेच येते.

म्हणून घाट उतरणाऱ्या गाडीवर आरंभापासून अविश्वास दाखवणारी एक व्यवस्था येथे आहे. ठरावीक ठिकाणी सांधा मुख्य मार्गाकडे वळवून न ठेवता कॅच सायडिंगकडे, म्हणजे डोंगराच्या अंगास वर चढत जाणाऱ्या आणि शेवटी वाळूत संपणाऱ्या फाट्याकडे वळवून ठेवलेला असतो. गाडीने तेथे थांबून आपले ब्रेक ताब्यात आहेत हे दाखवून द्यावे, मगच सांधा मुख्य मार्गास लागतो. न थांबणारी गाडी त्या फाट्यात शिरते आणि आपली गतिज ऊर्जा पुन्हा उंचीत आणि वाळूत खर्च करून थबकते. असा फाटा किती उंच न्यावा? ताशी ५४ किलोमीटर वेगाची गाडी केवळ उंचीने थांबवावयाची तर साडेअकरा मीटर पुरतात. वेग १०८ झाला तर मात्र दुप्पट उंचीने भागत नाही, ४६ मीटर लागतात, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. रस्त्यावर मोटार हाकणाऱ्यांनी हा वर्ग ध्यानात ठेवला असता तर द्रुतगती मार्गावरचे पुष्कळसे फलक लावावेच लागले नसते.

ब्रेक लावून सावकाश उतरणारी गाडी पायथ्याशी येते तेव्हा तिच्याजवळ उंचीही नसते आणि वेगही नसतो. ५४७ कोटी जूल गेले कोठे? जुन्या गाड्यांतून रात्री घाट उतरलेल्यांस हे सांगावयास नको: चाकांपाशी ठिणग्यांची रांग, डब्यात शिरणारा तापल्या लोखंडाचा वास, आणि गाडी थांबल्यावर बिडाच्या ब्रेकठोकळ्यांवर पावसाचे थेंब पडले की उठणारा चुर्र असा आवाज. सारी उंची उष्णता झालेली असते. ही उष्णता एकत्र करता आली तर तिने १७ हजार लिटर पाण्यास उकळी फुटेल.

हरवलेली गती आणि उत्पन्न झालेली उष्णता यांचा विनिमयदर काढण्यासाठी सॅलफर्ड येथील मद्यनिर्माता जेम्स जूल याने १८४० नंतरची कित्येक वर्षे वेचली. खाली येणाऱ्या वजनांनी पाण्यातील वल्ही फिरवावयाची आणि पाणी किती तापले ते पाहावयाचे, असा त्याचा प्रयोग. ७७२ फूट खाली पडलेले पाणी एक अंश फॅरनहाइटने तापले पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष. १८४७ साली नवविवाहित जूल आल्प्समधील शामोनीच्या परिसरात हातात लांबलचक उष्णतामापक घेऊन धबधब्याच्या शोधात निघालेला आपल्याला भेटला, अशी हकिकत भौतिकशास्त्रज्ञ विल्यम टॉमसन यांनी सांगितली आहे; पत्नी मागून गाडीतून येत होती. त्या सौभाग्यवतींचे या मोजमापाविषयी काय मत होते, ते इतिहासाने नोंदलेले नाही. धबधब्यावर हे साधत नाही, कारण पाणी फुटून तुषार होतात, त्यांचे बाष्पीभवन होते, आणि जेवढे तापावे त्याहून अधिक ते निवते. खंडाळ्याच्या पावसाळी धबधब्यांखाली उभे राहणारास पाणी गार लागते म्हणून जूलचा नियम खोटा ठरत नाही.

विजेची तार आली तेव्हा या वाया जाणाऱ्या उष्णतेचा निराळा बंदोबस्त शक्य झाला. १९२९ साली पुण्यापर्यंत विजेवरची वाहतूक सुरू झाली, त्याच सुमारास उलट फिरण्याचे ते जुने स्थानक नव्या बोगद्यांच्या मार्गाने निकालात निघाले, आणि घाटासाठी मुद्दाम घडवलेली २,६०० अश्वशक्तीची मालइंजिने आली. दोन्ही टोकांस लांब निमुळते नाक आणि मधे कमरेत लवणारे अंग अशा ध्यानाच्या या इंजिनांस रेल्वेच्या माणसांनी खेकडा हे नाव देऊन टाकले. विजेची मोटर आणि विजेचे जनित्र ही मुळात एकच वस्तू आहे. तिला वीज दिली की चाक फिरते. चाक फिरवले की ती वीज देते, आणि ती देताना फिरणाऱ्या चाकास विरोध करते. उतारावर हा विरोध ब्रेकचे काम करतो आणि निर्माण झालेली वीज तारेत परत जाते. खाली उतरणारी गाडी वर चढणाऱ्या गाडीचा भार उचलू लागते. फक्त त्या वेळी जवळपास कोणीतरी चढत असले पाहिजे, नाहीतर परत केलेली वीज घ्यावयास गिऱ्हाईक नाही अशी स्थिती होते. सगळा परतावा मात्र कधीच हाती येत नाही. मोटरच्या वेटोळ्यांत, तारेत, दंतचक्रांत आपापला हक्क सर्वजण कापून घेतात, आणि घर्षणाचे ब्रेक कोणत्याही गाडीवरून अद्याप काढून टाकलेले नाहीत.

याच घाटाच्या माथ्यावरून खाली येणारी आणखी एक वस्तू आहे. वळवण, लोणावळा आणि शिरवटा येथील तलावांत पावसाळ्यात साठवलेले पाणी नळांतून सुमारे ५२५ मीटर खाली आणून त्यावर खोपोलीचे वीजघर टाटांनी १९१५ साली चालू केले, आणि मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुरातून थोड्या मोकळ्या झाल्या. नळाच्या तोंडातून बाहेर पडणारी धार सेकंदाला शंभर मीटरच्या वेगाने सुटते. ब्रेक नसलेली गाडी तेवढ्याच उंचीवरून रोधाशिवाय घसरली असती तर तिलाही हाच वेग आला असता. ही धार पेल्टनच्या चाकावरील पेल्यांसारख्या पात्यांवर आदळते, आणि चाक धारेच्या निम्म्या वेगाने फिरत ठेवले तर पाणी पात्यातून उलट वळून बाहेर पडताना जमिनीच्या दृष्टीने जवळजवळ स्थिर असते. म्हणजे आपली सगळी गतिज ऊर्जा त्याने चाकाच्या स्वाधीन केलेली असते. चाक याहून जलद फिरवले तरी लाभ घटतो, सावकाश फिरवले तरी घटतो.

रेल्वेने आपल्या इंजिनांसाठी कल्याणजवळ चोळे येथे कोळशावर चालणारे स्वतःचे वीजघर उभारले, तेव्हा खोपोलीच्या पाण्याने घाटातील गाड्या चढवल्या असे म्हणता येत नाही. पण ताळा पाहण्यासाठी दोघांची गाठ घालून देण्यास हरकत नाही. एक टन पाणी ५२५ मीटर उतरताना १.४३ युनिट देऊ शकते. त्या भावाने हजार टनांची आपली गाडी ५५८ मीटर चढवावयास १,०६३ टन पाणी खाली सोडले की पुरे. प्रत्यक्षात जलचक्र, जनित्र, रोहित्रे, तारा आणि मोटारी यांतून पार पडून गाडीच्या चाकापर्यंत पोहोचते ते टनामागे सुमारे एक युनिट, म्हणजे पाणी सोडावे लागेल ते दीड हजार टनांच्या घरात. आणि वरचे सवाचारशे-साडेचारशे टन पाणी नळांच्या भिंती, तांब्याच्या तारा आणि यंत्रांचे सांधे किंचित गरम करण्यात जाईल.